तेरा महिन्यांच्या बाळाचं दूध बंद करणारा तो मेसेज

गेल्या रविवारी भाचीकडे चिंचवडला गेले होते. ओट्यावर भिजवून सोललेले दहा बदाम, मिक्सरचं छोटं भांडं आणि पंचाचं धुतलेलं फडकं. मला वाटलं, खिरीची तयारी असेल. तर म्हणाली, "मावशी, छकुलीचं गाईचं दूध तीन आठवड्यांपूर्वीच बंद केलं. आता हेच देते. तू तो मेसेज नाही का वाचलास?"

वाचला होता. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुढे गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं. छकुली तेरा महिन्यांची आहे, म्हणून आता तरी बोलते.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की भेसळीच्या दुधामुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होईल. देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं आहे. दूध आम्लधर्मी असल्याने हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. माणूस सोडून कुठलाच प्राणी दुसऱ्याचं दूध पीत नाही. आणि शेवटी: "सहा महिन्यांपासूनच बाळाला बदामाचं दूध द्या, दहापट कॅल्शियम, बुद्धी तल्लख."

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने एका घरात नुकसान करायला सुरुवात केली आहे.

ते दहा बदाम मी भाचीच्याच किचनच्या काट्यावर ठेवले. जेमतेम बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम बदामात साधारण २६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे या दहांत तीसेक मिलिग्रॅम. तेही सगळं पेल्यात उतरत नाही. फडक्यातून गाळल्यावर मूठभर पांढरा चोथा उरतो आणि तो ती तुळशीच्या कुंडीत टाकत होती. गाईच्या दुधाच्या तेवढ्याच पेल्यात, दोनशे मिलिलिटरमध्ये, कॅल्शियम भरतं २४० मिलिग्रॅमच्या आसपास. निदान आठपट कमी असलेली गोष्ट मेसेजने दहापट जास्त म्हणून सांगितली आहे. प्रथिनांचंही तेच. दुधाच्या पेल्यात सहा ग्रॅमच्या वर, तर गाळलेल्या बदामाच्या पाण्यात फार तर दोन.

पण मला खरी भीती आहे ती बी १२ची. हे जीवनसत्त्व बदामात नाही, ओट्समध्ये नाही, नारळाच्या दुधात नाही. वनस्पतींमधून ते मिळतच नाही, बाहेरून घालावं लागतं. भाचीच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. अशा घरात बी १२ येतं ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच, आणि तेही पुरतंच असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले: ६७ टक्के पुरुषांमध्ये बी १२ कमी. ही आपल्याच पुण्याच्या परिसरातली माणसं, आणि तीही दूध पिणाऱ्या समाजातली. अशा घरातल्या बाळाचं दूध काढून घेतलं तर राहिलं काय? बी १२ फार कमी पडलं की बाळ मलूल होतं, शिकलेल्या गोष्टी विसरू लागतं, हातपाय थरथरतात. ज्या मेंदूच्या नावाने हा मेसेज फिरतोय, घाला त्याच मेंदूवर पडतो.

हे घडणारच नाही असं वाटत असेल तर स्पेनमधलं उदाहरण ऐका. तिथे एका बाळाला अंगावर पुरळ आलं म्हणून अडीच महिन्यांपासून बदामाच्या पेयावर ठेवलं होतं. अकराव्या महिन्यात ते हॉस्पिटलमध्ये आलं तेव्हा पायाची हाडं मोडलेली होती आणि निदान झालं स्कर्व्हीचं, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचं. २०१६ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात ही हकिकत छापून आली. औषधोपचाराने बाळ बरं झालं. पण तिथेही आईवडिलांनी ते पेय मायेपोटीच दिलं होतं.

एक वर्षाच्या आत गाईचं दूधही मुख्य दूध म्हणून देऊ नये, हे खरं आहे. पण त्याची जागा आईच्या दुधाची आहे, ते नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉर्म्युल्याची. बदामाच्या पाण्याची नाही.

आता बाकीचं. ८७ टक्के कॅन्सरचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने कधीच दिलेला नाही. हे आपल्या सरकारने अधिकृतपणे सांगून झालं आहे. २०२५ साल येऊन गेलं तरी मेसेज फिरतोच आहे.

६८ टक्क्यांच्या मागे मात्र काहीतरी आहे, ते नाइलाजाने कबूल करते. २०११ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १,७९१ नमुने तपासले होते, त्यांतले ६८.४ टक्के निकषांत बसले नव्हते. पण यातला मोठा भाग पाणी घातलेल्या, पातळ दुधाचा होता. ती ग्राहकाची लूट आहेच, पण तो कॅन्सर नव्हे. पुढे २०१८ मध्ये त्यांनीच ६,४३२ नमुने तपासले, त्यांत आरोग्याला घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. त्याच तपासणीत ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे विष बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून दुधात उतरतं. राग यायचा तर याचा येऊ द्या आणि पेंड कोण तपासतं ते विचारा.

हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, हे साफ खोटं. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, पेलाभर दुधाने ती ढळत नाही. आणि दुसरे प्राणी काय करत नाहीत यावरून आपण काय खावं हे ठरत नाही. ते भाकरीही भाजत नाहीत.

मोठेपणी दूध न पचणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. माझ्या नवऱ्याला दुधाने पोट फुगतं, ताकाने नाही. अशा लोकांनी सोयाबीनचं दूध घ्यावं. त्यात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, फक्त डब्यावर कॅल्शियम आणि बी १२ घातल्याचं वाचून घ्यावं. गोठ्यातल्या जनावरांचे हाल बघवत नाहीत म्हणून कोणी दूध सोडलं तर मला त्याचा आदरच आहे. मोठ्या माणसाने बी १२ची गोळी घेऊन ते जरूर करावं. तेरा महिन्यांच्या मुलीला निवड करता येत नाही.

सोमवारी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. अंगावरचं दूध चालू ठेवा, गाईचं दूध आणि दही पुन्हा सुरू करा, नाचणीचं सत्त्व द्या, बदाम हवेत तर पूड करून त्यातच घाला, असं त्या म्हणाल्या. छकुलीचं वजन गेल्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅमने कमी भरलं. बी १२साठी रक्त दिलंय, रिपोर्ट शुक्रवारी मिळेल.