बर्गर दाबायचाच असतो

‘घरी डायनरसारखा हॅम्बर्गर करण्याचे सुवर्णनियम’ नावाचा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. (डायनर म्हणजे अमेरिकेतलं साधं, काउंटरवर बसून खायचं उपाहारगृह.) त्यातले नियम थोडक्यात असे: खिमा बिनचरबीचा घ्या, त्यात अंडं, ब्रेडचा चुरा, कांदा आणि मीठ घालून छान मळा, दीड इंच जाडीची पॅटी, म्हणजे बर्गरमधली मांसाची टिक्की, थापा, मोठ्या आचेवर भाजून रस आत ‘बंद’ करा, उलटायचं एकदाच, वरून अजिबात दाबू नका, आतून गुलाबी ठेवा. आणि वर एक टोला: कोळशावरची जाळी नसेल तर नाद सोडा, तव्यावर ती चव येत नाही.

यातले एकदोन नियम जाडजूड बर्गरला चालतात, बाकीचे कबाबाला. डायनरच्या बर्गरला यातले बहुतेक चालत नाहीत.

आधी जाळीचं बघू. अमेरिकन डायनरच्या काउंटरमागे कोळसा नसतोच. तिथे गॅसवर तापणारी, पोलादाची जाड सपाट प्लेट असते. सकाळी तिच्यावर अंडी आणि पॅनकेक, दुपारी तिच्यावरच बर्गर. व्हाइट कॅसल १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरात सुरू झालं, त्यांचे चिमुकले बर्गरही अशाच सपाट प्लेटवर, कांद्यासोबत व्हायचे. म्हणजे तव्यावर ‘ती’ चव येत नाही म्हणणाऱ्याने मूळ चवच तव्याची आहे हे लक्षात घेतलेलं नाही. घरात बिडाचा तवा असेल तर निम्मं काम झालं. फक्त बीड उष्णता सावकाश पसरवतं, म्हणून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं निवांत तापू द्यायचा, मग आच वाढवायची. नॉनस्टिक नको. एवढ्या आचेला त्याचा थर टिकत नाही, आणि इथे तर मांस तव्याला चिकटायलाच हवंय.

आता ‘दाबू नका’. या नियमात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो इतका पसरला. जाड पॅटी अर्धीअधिक शिजली की आतली चरबी वितळलेली असते, प्रथिनं आवळून पाणी बाहेर ढकलत असतात. तेव्हा उलथन्याने दाबलंत तर रस तव्यावर ओघळणारच. पण फ्रिजमधून नुकताच काढलेला खिम्याचा गोळा वेगळा. त्यातली चरबी अजून घट्ट असते, रस सुटलेलाच नसतो. साधारण ९० ग्रॅमचा सैलसर गोळा कडक तापलेल्या तव्यावर टाकायचा, वर बटर पेपरचा तुकडा, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात जड, सपाट बुडाच्या भांड्याने जोर लावून दाबायचा. जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडी राहिली पाहिजे. कडा फाटक्या, वेड्यावाकड्या होतात, त्या तशाच राहू द्या. सगळ्यात कुरकुरीत त्याच होतात. मग पुन्हा हात लावायचा नाही. दोनेक मिनिटांत वरचा लाल रंग जाऊन करडा होतो, कडा तपकिरी दिसतात. आता सरळ धारेचं, न वाकणारं उलथनं तव्याला घासत खालून घालायचं आणि तो तपकिरी थर खरवडून पॅटीसकट उचलायचा. थर तव्यावर राहिला तर बर्गर गेला. दुसरी बाजू मिनिटभराच्या आत होते.

ओक्लाहोमातल्या एल रिनो गावात तर याच्या पुढची पायरी आहे. कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर वर टाकून तो उलथन्याने मांसात दाबतात, मग उलटतात. मांस महाग, कांदा स्वस्त, अशा तंगीच्या दिवसांतली ही युक्ती. आज लोक मुद्दाम तेवढ्यासाठी तिथे जातात.

‘रस आत बंद होतो’ ही समजूत मात्र जुनी आणि प्रतिष्ठित आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांनी ती मांडली, पुढे प्रयोगांत ती टिकली नाही. प्रयोगशाळा कशाला हवी, तव्याकडे कान द्या. मांस टाकल्यावर जो चर्र आवाज येतो तो पाणी वाफ होऊन निघून जाण्याचाच असतो, आणि बाहेरून खरपूस थर धरल्यावरही तो थांबत नाही. भाजायचं ते चवीसाठी. प्रथिनं आणि शर्करा तापून जी खरपूस चव तयार होते त्या क्रियेचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. पॅटी पातळ, तर घासागणिक खरपूसपणा जास्त. डायनरचं गणित एवढंच.

अंडं, चुरा, मळणं यावर काय बोलणार? तो शामी कबाबाचा संस्कार आहे, आणि कबाबात तो योग्यच. मीठ खिम्यात मळलं की मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना धरतात. सॉसेज असंच बांधलं जातं. बर्गरमध्ये त्याने रबरी चावा येतो. मीठ फक्त वरून, दाबून झाल्यावर. मिरपूड लागली तर. गरम मसाला कृपया नको. एकदाच उलटण्याचा नियम पातळ पॅटीत आपोआपच पाळला जातो, त्यावर भांडण नाही.

‘आतून गुलाबी’ हा मात्र चवीचा प्रश्न नाही. अखंड तुकड्यावर जंतू असले तर बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना बाहेरचं आत जातं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात नीट न शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली, चार मुलं दगावली. तिथलं कृषी खातं खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस सांगतं. अर्ध्या सेंटिमीटरची पॅटी तिथे सहज पोचते आणि तरी कोरडी होत नाही, कारण तिच्यात चरबी असते.

म्हणूनच ‘बिनचरबीचा खिमा’ हा सगळ्यात वाईट सल्ला. डायनरमध्ये पाचातला एक भाग चरबी असते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे, त्यामुळे इथे पर्याय म्हशीच्या वर्गातल्या मांसाचा किंवा मटणाचा. दोन्ही तुलनेने कोरडी. खाटकाकडून गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी मागून घ्या आणि खिम्यातच दळून घ्या. मटणाची चरबी गार झाली की मेणासारखी टाळूला चिकटते, तेव्हा पाव लोण्यावर आधी भाजून ठेवा, चीज, लोणचवलेली काकडी, मोहरीचा सॉस हाताशी ठेवा, खाणाऱ्यांना आधी बसवा आणि मगच पहिला गोळा तव्यावर टाका.