सर्व्हर बंद झाला म्हणून शेजारी बसून खेळणं बंद होत नाही

जुन्या हँडहेल्ड कन्सोलबद्दल एक मेसेज सध्या बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कंपन्यांनी सर्व्हर बंद केले, म्हणून सोनीच्या पीएसपीचं आणि निन्टेंडो डीएसचं वायरलेस मल्टिप्लेअर कायमचं संपलं. एम्युलेटरला, म्हणजे फोनवर किंवा कॉम्प्युटरवर जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या अॅपला, वायफायची चिप नसते, म्हणून तिथे ते शक्यच नाही. कुणाचं चाललंच तर त्याच्याकडे शंभर एमबीपीएसचं नेट असणार. आणि शेवटी पुरावा: 'आम्ही दोन फोन एकाच वायफायवर लावून पाहिले, एकमेकांना दिसलेच नाहीत.'

हा मेसेज वाचून लोक प्रयत्नच सोडून देतात, हे मला खुपतं. यातल्या कितीतरी खेळांचा अर्धा जीव चौघांनी मिळून खेळण्यात आहे.

सर्व्हरचं आधी. निन्टेंडोने डीएसची वायफाय कनेक्शन सेवा 20 मे 2014 रोजी बंद केली, हे खरं आहे. पण ती इंटरनेटवरून खेळण्याची सेवा होती. शेजारी बसलेल्या मित्राच्या डीएसशी खेळताना तिचा काडीचाही संबंध येत नव्हता. दोन कन्सोल रेडिओवरून थेट बोलत, मध्ये राउटरही नसे. पीएसपीवरही दोन वाटा वेगळ्या होत्या: राउटरमार्गे नेटवर जाणारा इन्फ्रास्ट्रक्चर मोड आणि थेट जोडणारा अॅड हॉक मोड. पीएसपीवरच्या मॉन्स्टर हंटरच्या खेळांत तर मिळून खेळायला फक्त अॅड हॉकच होता. ज्याला कंपनीचा सर्व्हर कधी लागलाच नाही, तो सर्व्हर गेल्यामुळे मरेल कसा? उलट लांबच्या मित्रांशी हेच खेळ खेळता यावेत म्हणून सोनीने 2008 मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन 3 साठी अॅड हॉक पार्टी नावाचं अॅप आणलं होतं. अॅड हॉकची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, इंटरनेटवरून वाहून नेता येतात, हे खुद्द कंपनीनेच दाखवून दिलं होतं.

आता चिपचा मुद्दा. पीपीएसएसपीपी हा पीएसपीचा एम्युलेटर 2012 मध्ये आला. तो रेडिओची नक्कल करतच नाही. पीएसपीवरचा खेळ स्वतः चिपशी बोलत नाही. तो कन्सोलच्या प्रणालीला सांगतो की 'मला या गटात घे, हे पाकीट त्या खेळाडूला दे'. एम्युलेटर ही विनंती मध्येच पकडतो आणि फोनच्या नेहमीच्या नेटवर्कवरून पाठवतो. पीएसपीची पाकीट पाठवण्याची पद्धत पीडीपी इथे इंटरनेटवरची यूडीपी होते आणि पीटीपी ही दुसरी पद्धत टीसीपी होते. कोण कोणत्या गटात आहे हे सांगायला एक छोटा अॅड हॉक सर्व्हर लागतो, पण तो कंपनीचा नव्हे. तो एम्युलेटरमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा.

खरी गुंतागुंत स्पीडच्या दाव्यात आहे, कारण इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. पीएसपीचं वायफाय 802.11बी या जुन्या प्रकाराचं होतं, म्हणजे कागदावर जास्तीत जास्त 11 एमबीपीएस. डीएसचं तर 1 किंवा 2 एमबीपीएसवर चालायचं. खेळाला मूळ यंत्रावरच जेवढं मिळत होतं, त्याच्या कितीतरी पट देऊन काय साधणार? अडचण पिंगची, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेची आहे. डीएसच्या थेट खेळात यजमान कन्सोल सगळ्यांना एक पाकीट पाठवतो आणि प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या क्षणी, मिलिसेकंदाच्या अंशात, उत्तर द्यायचं असतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर नुसत्या जाण्यायेण्याला दीड मिलिसेकंद लागतो. वाटेतले राउटर अजून मोजलेलेच नाहीत. हे अंतर कुठलाही महागडा प्लॅन कापू शकत नाही.

मग डीएसच्या एम्युलेटरवर हे चालतं कसं? एम्युलेटरच्या आतलं घड्याळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात असतं. मेलॉनडीएस हा डीएसचा एम्युलेटर समोरच्याचं उत्तर येईपर्यंत आतला वेळ थांबवून धरू शकतो. खेळाला उशीर कळत नाही, आपल्याला मात्र तो मंदावलेला दिसतो. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडल्या की तो उत्तम चालतो, घरच्या लॅनवर (घरातल्या घरातल्या नेटवर्कवर) चांगला चालतो आणि दूरच्या शहरातल्या मित्राबरोबर रखडतो. पीएसपीचे खेळ या बाबतीत बरेच सोशिक आहेत, तरी सगळे सारखे नाहीत. काही खेळ एम्युलेटरवर जोडले जात नाहीत किंवा मध्येच तुटतात, हे मी मान्य करतो. त्यावरून सगळेच अशक्य ठरत नाहीत.

राहिला तो 'पुरावा'. दोन फोन एका वायफायवर आले म्हणजे आपोआप दिसतील, असं कुणी सांगितलं? पीपीएसएसपीपीत एका फोनवर अॅड हॉक सर्व्हर चालू करावा लागतो आणि दोन्हींवर त्या फोनचा आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, लिहावा लागतो. दोघांचे मॅक अॅड्रेस, म्हणजे खेळाडू ओळखायचे क्रमांक, वेगळे हवेत. एका फोनची सेटिंग फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी टाकली की ते सारखे होतात आणि खेळाला एकच माणूस दिसतो. हे सगळं बरोबर करूनही जमत नसेल, तर राउटर पाहा. वसतिगृहांतले आणि कॅफेतले राउटर अनेकदा जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. आमच्या वसतिगृहात मी दोन संध्याकाळी एम्युलेटरला दोष देत बसलो होतो. दोष त्या राउटरच्या एका सेटिंगमध्ये निघाला. मोबाइल डेटावर वेगळी अडचण असते: कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे दोन फोनना थेट जोडणी सापडत नाही.

म्हणून हे करून पाहा. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, डेटा बंद ठेवा, दुसरा फोन त्याला जोडा. हॉटस्पॉटवाल्या फोनवर सर्व्हर चालू करा. त्याचा पत्ता जुन्या अँड्रॉइडवर बहुधा 192.168.43.1 असतो, नव्या फोनवर दुसऱ्या फोनच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' म्हणून दिसतो. तो पत्ता दोन्ही फोनवर लिहा, दोन्हीकडे वायरलेसची सेटिंग चालू करा आणि खेळात शिरा. गच्चीवर, गाडीत, रेंज नसलेल्या गावातसुद्धा हे चालतं, एक एमबीही न जाळता.