एन-४०० भरला म्हणून भारताची तिकिटं रद्द करू नका

एन-४०० म्हणजे अमेरिकेच्या सिटिझनशिपचा अर्ज. त्याबद्दल अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: “सिटिझनशिपचा अर्ज भरल्यापासून शपथ होईपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नका. बाहेर गेलात की अर्ज सोडून दिला असं धरतात. पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. इंटरव्ह्यू पास झाला असेल तर मात्र काळजी नाही, तुम्ही नागरिक झालातच. आणि शपथ झाली की मोकळे, भारतीय पासपोर्टवर तीन महिने आरामात फिरा.”

हा निरोप वाचून माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आईच्या ऑपरेशनला जायचं तिकीट रद्द केलं. आई सुखरूप आहेत, पण त्या दिवसांत लेक जवळ नव्हती, आणि ती जाऊ शकली असती. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो आहे.

“बाहेर गेलात की अर्ज सोडून दिला असं धरतात.” हे चूक आहे, पण ते कुठून आलं ते कळलं की गोंधळ सुटतो. हा नियम ग्रीन कार्डाच्या अर्जाचा, म्हणजे आय-४८५ चा आहे. तो अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिल्यासारखा मानतात. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना त्यातही सवलत आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती वर्षं जीव मुठीत धरून काढली आहेत, त्यामुळे ती धास्ती मनात घर करून राहते आणि पुढच्या अर्जालाही चिकटते. पण एन-४०० भरणारा माणूस आधीच कायमचा रहिवासी असतो. देशात परत यायचा त्याचा हक्क ग्रीन कार्डामुळे असतो, सिटिझनशिपच्या अर्जामुळे नाही. त्यामुळे त्याला ॲडव्हान्स परोल लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. एन-४०० भरून तीन आठवडे भारतात जाऊन आलं, एवढ्यावरून अर्ज रद्द होत नाही.

कार्डाची मुदत संपली असेल तर? १२ डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची पावतीच जुन्या कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढवते. विमानतळावर जुनं कार्ड आणि ती मूळ पावती, दोन्ही जवळ असू द्या.

“पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात.” इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. पहिली, प्रत्यक्ष देशात घालवलेले दिवस: अर्जाआधीच्या पाच वर्षांपैकी निदान ३० महिने, आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यामुळे तीन वर्षांत अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. हा हिशेब अर्ज भरल्याच्या तारखेपासून मागे केला जातो. अर्जानंतरच्या प्रवासाने त्यातला एकही दिवस कमी होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सलग वास्तव्य, आणि ते मात्र शपथेपर्यंत टिकवावं लागतं. कायद्यात मोजमाप स्पष्ट आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या एका फेरीने सलगता तुटल्याचं गृहीत धरत नाहीत. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी काळ बाहेर राहिलात तर ती तुटली असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. नोकरी सोडली नव्हती, जोडीदार आणि मुलं इथेच होती, घर आपल्याच ताब्यात होतं, तिकडे नोकरी धरली नाही, असे पुरावे तेव्हा उपयोगी पडतात. सलग वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर सलगता तुटलीच. म्हणजे आजारी वडिलांजवळ महिनाभर राहणं आणि त्यांच्यासाठी आठ महिने तिकडे राहणं यांत मोठा फरक आहे. निरोप लिहिणाऱ्याने तो फरक पुसून टाकला, आणि महिनाभर जाऊ शकणाऱ्यांना घाबरवून ठेवलं.

खरा धोका दुसरीकडेच आहे, आणि निरोपात त्याबद्दल एक शब्दही नाही. तो धोका म्हणजे तारीख चुकणं. बोटांच्या ठशांचं, इंटरव्ह्यूचं आणि शपथेचं पत्र तुमच्या प्रवासाचा विचार करून निघत नाही. इंटरव्ह्यूला गेला नाहीत आणि ३० दिवसांत कारणही कळवलं नाहीत, तर अर्ज बंद करून ठेवतात. तो वर्षभरात लेखी विनंती करून पुन्हा उघडता येतो, वर्ष उलटलं की कायमचा निकालात निघतो. शपथेला योग्य कारणाशिवाय एकाहून जास्त वेळा गैरहजर राहिलात, तरी अर्ज सोडल्यासारखा मानतात. म्हणून जाण्याआधी ऑनलाइन खातं उघडून ठेवा, घरची पत्रं रोज पाहणारं कुणीतरी ठेवा, आणि तारीख पडलीच तर ती येण्याआधी दुसरी मागा. इंटरव्ह्यूची तारीख बदलायची पद्धत त्या पत्रातच दिलेली असते. शपथेची बदलायची असेल तर ते पत्र कारणासह कार्यालयाला परत पाठवतात.

“इंटरव्ह्यू पास झाला की तुम्ही नागरिक झालात.” नाही. शपथ घेईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डधारकच असता. शपथेच्या बोलावण्याचा जो एन-४४५ फॉर्म येतो, त्यात इंटरव्ह्यूनंतर काय काय घडलं याचे प्रश्न असतात. इंटरव्ह्यूनंतर अमेरिकेबाहेर गेला होतात का, हा त्यातलाच एक. हा प्रश्न विचारतात यावरूनच कळतं की जाण्याला बंदी नाही. खरं उत्तर लिहायचं, तारखा द्यायच्या. अर्ज आणि इंटरव्ह्यू यांच्या मधला प्रवासही अधिकाऱ्याला सांगून यादीत घालून घ्यायचा. छोट्या प्रवासाने अर्ज अडत नाही, पण लपवलेला प्रवास अडवू शकतो.

आता शेवटचं वाक्य, आणि सगळ्यांत घातक तेच आहे: “शपथ झाली की मोकळे, भारतीय पासपोर्टवर तीन महिने फिरा.”

भारताच्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर तो निळा पासपोर्ट कपाटात असला तरी प्रवासासाठी तुमचा राहत नाही. तो वापरणं हा पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा आहे. दूतावासाच्या यंत्रणेकडे तो जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, आणि ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या, अर्जाला ते लागतं.

इकडची बाजूही बघा. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं. हातात येतं ते नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर विमानप्रवास करून देशात परत येता येत नाही. अमेरिकन नागरिकाने अमेरिकन पासपोर्टवरच यायचं असतं. पहिल्या पासपोर्टसाठी अर्ज करताना तेच मूळ प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं, म्हणजे तो कागदही काही आठवडे तुमच्याजवळ नसतो. सकाळी ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असे दोन भक्कम कागद खिशात असलेला माणूस दुपारी घरी येतो, तेव्हा कुठल्याही सीमेवर चालेल असं त्याच्याजवळ काहीच नसतं. सगळ्या प्रक्रियेत प्रवासाला सर्वांत वाईट काळ कुठला असेल तर हाच. आणि निरोप नेमका इथेच “मोकळे” म्हणतो.

त्यामुळे वडील आयसीयूत असतील, घरात लग्न असेल, आणि शपथेचं पत्र हातात पडलं असेल, तर दोन वाटा आहेत. शपथेच्या तारखेआधी परत येता येत असेल तर ग्रीन कार्डावर जाऊन या. नसेल, तर शपथ पुढे ढकलायची विनंती करून मग जा. त्यात थोडा उशीर होईल, पण भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही चालू राहतील. शपथ होऊन गेल्यावर अचानक जावं लागलं तर पासपोर्ट एजन्सीत तातडीची वेळ मागा. पासपोर्ट हातात आला की ओसीआयची वाट न बघता त्यावर भारताचा ई-व्हिसा काढता येतो. ओसीआय परत आल्यावर करता येईल.