सरांना विचारून सांगा

"बाई, घरात कोणी माणूस नाहीये का?"

हा प्रश्न मला माझ्याच परसात, माझ्याच विहिरीच्या काठावर, हातात पाना धरलेला असताना विचारला गेला. विचारणारा माझाच विद्यार्थी. सातवीत दुसऱ्या बाकावर बसायचा. आता गावातला वायरमन आहे आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत घरात माणूस शोधत होता.

झालं होतं ते थोडक्यात सांगते. निफाड, जानेवारी, पहाट. निफाडची जानेवारी ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पेपर बघावा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की आमचं गाव बातमीत येतं. एरवी द्राक्षाचे भाव पडल्याशिवाय आम्हाला कुत्रं विचारत नाही. तर अशा पहाटे गीझरचा नळ सोडला आणि नळाने नुसतं फुस्स केलं. वरची टाकी रिकामी. मोटर लावली, तर ती झकास फिरते आणि पाण्याचा टिपूस नाही.

मी पंपाच्या डोक्यावरचा नट उघडला आणि पिण्याच्या हंड्यातलं पाणी आत ओतलं. तोंडापर्यंत भरलं आणि बघता बघता खाली गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, आमच्याकडे त्याला सगळे फुटबॉल म्हणतात. पाणी आत येऊ द्यायचं, परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्याची झडप नीट बसली नाही की रात्रीतून पाइप रिता होतो आणि सकाळी मोटर नुसती हवा घुसळत बसते. कारण मोटर पाणी ओढते हा गैरसमज आहे. ती पाइपातला दाब कमी करते, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलते. पाऱ्याच्या नळीचा प्रयोग टॉरिचेलीच्या नावावर 1643 च्या सुमाराचा. 76 सेंटिमीटर पारा म्हणजे सव्वादहा मीटर पाणी. हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर विहीर काढून उभी नोकरी शिकवलं. दुसऱ्या बाकालाही शिकवलं.

आमचे सर, म्हणजे माझे यजमान, लग्नाला पुण्याला गेले होते. त्यांना फोनवर म्हटलं, "फुटबॉलला काहीतरी अडकलंय, वायरमनला बोलावते." ते म्हणाले, "बोलाव." सर इतिहासाचे. मोटरचं बटण कोणत्या भिंतीवर आहे, हे त्यांना अजून संशोधनाअंती ठरवायचंय.

वायरमन यायच्या आधी शेजारचे नाना आले. नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. कानटोपी, वर मफलर, त्यावर शाल आणि हातात घरून आणलेला चहाचा कप. दुसऱ्याची मोटर बिघडल्याचा वास त्यांना भिंतीपलीकडून येतो.

"काय झालं वहिनी?"

"नाना, फुटबॉल लीक आहे."

"कंडेन्सर गेला," नाना म्हणाले.

"कंडेन्सर गेला तर मोटर हुंऽऽ करत जागेवर बसते. ही फिरतेय."

"फिरतेय, पण मनापासून फिरत नाहीये." नानांनी पंपाला कान लावला. "चालू राहू द्या. हळूहळू धरेल."

"कोरडी फिरली तर सील जळेल." मी बटण बंद केलं.

"थोडा वेळ तर द्या तिला." नानांनी बटण चालू केलं.

मी बंद केलं. त्यांनी चालू केलं. माझ्या घराच्या वीजबिलावर माझं नाव आहे. त्या बटणाजवळ मात्र आम्ही दोघं वाटणीवर आलेल्या भावांसारखे उभे होतो. शेवटी मी मेन स्विचच पाडला, तेव्हा नाना म्हणाले, "बघा, लाइटच गेली. सगळा लाइटचाच प्रॉब्लेम."

मग त्यांनी मोर्चा न्हाणीघराकडे वळवला. शेजाऱ्याने न्हाणीघरात शिरून आपला गीझर तपासावा, याची तरतूद कोणत्या शिष्टाचारात आहे कोण जाणे. मेन स्विच परत चढवायला लावून त्यांनी गीझरकडे बराच वेळ पाहिलं.

"कॉइल उडाली. लाल दिवा नाही."

"दिवा विझला म्हणजे पाणी तापलंय नाना. थर्मोस्टॅटने बंद केलंय. आत पंधरा लिटर कढत पाणी आहे."

"मग नळाला का येत नाही?"

आता ही खरी चीड आणणारी गोष्ट होती, आणि नानांनी नेमकं बोट ठेवलं होतं हे मला मान्यच करावं लागलं. डोक्यावर पंधरा लिटर कढत पाणी टांगलेलं, खाली मी कुडकुडतेय, आणि त्यातलं तांब्याभर मिळत नाही. कारण गीझरमधून गरम पाणी आपणहून बाहेर पडत नाही. बाहेर जायच्या नळीचं तोंड आत वरच्या टोकाला असतं. खालून गार पाणी शिरलं तरच ते गरम पाण्याला वर रेटतं. टाकी रिकामी, म्हणजे रेटायला कोणी नाही. हे मी सांगितलं.

"अहो पाणी वरून खाली येतं वहिनी, त्याला रेटायचं कशाला?"

"तुमच्या कचेरीतली फाईल मागून कोणी रेटल्याशिवाय बाहेर पडायची का?"

हे त्यांना लगेच पटलं. वाईट वाटण्याऐवजी ते खुलले, आणि एकोणीसशे ऐंशी-नव्वदमधल्या फाईलींच्या आठवणी सांगायला लागले. तिथून गाडी माझ्या सासऱ्यांच्या तांब्याच्या बंबावर गेली. "त्या बंबाला कधी वायरमन लागला का?" नाही लागला. कारण पहाटे पाचला उठून त्याच्या नळकांड्यात काटक्या आणि गोवऱ्या घालायला मी होते. धूर डोळ्यांत मी घ्यायचे आणि पहिली अंघोळ सासऱ्यांची व्हायची. माझी पाळी यायची तोवर निखारे विझलेले असायचे. तो बंब मी स्वतः भांडेवाल्याला वजनावर दिला, तेव्हाही नाना कप घेऊन उभे होते आणि हळहळत होते.

तेवढ्यात वायरमन आला. त्याने तो प्रश्न विचारला. मग "फुटबॉल लीक आहे" हे माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि नानांकडे वळून म्हणाला, "काय झालंय नाना?"

"कंडेन्सर."

त्याने कंडेन्सर बदलला. नवाकोरा. मोटर पहिल्यासारखीच झकास फिरली आणि पहिल्यासारखंच पाणी आलं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून गंभीरपणे मान हलवली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. वायरमन म्हणाला, "बाई, एकदा सरांना फोन लावता का? सरांना विचारून घेतलेलं बरं."

मी फोन लावला. स्पीकरवर. मागे सनई वाजत होती.

"सर नमस्कार. मोटर पाणी उचलत नाहीये. काय वाटतं?"

सर क्षणभर गप्प. मग इतिहासाच्या माणसाला शोभेल अशा ठामपणे म्हणाले, "फुटबॉल बघ रे. त्याला काहीतरी अडकलं असेल."

"हां!" वायरमन म्हणाला.

"हां!" नाना म्हणाले. "मला वाटलंच होतं."

पुढचं काम भराभर झालं. दोर लावून काळा पाइप वर ओढला, तळाचा फुटबॉल उघडला. झडपेखाली सुतळीचा तुकडा अडकला होता, द्राक्षाच्या काड्या तारेला बांधतात तसल्या सुतळीचा. काढला, धुतला, बसवला, पाइप सोडला, पंपात पाणी भरलं. भरलं ते भरलेलंच राहिलं. बटण दाबलं आणि टाकीत धार पडायला लागली.

"सरांचं डोकं म्हणजे डोकं," वायरमन म्हणाला.

मला पाण्याचा आनंद झाला नाही असं नाही. पण गॅसवाला, सोलरवाला, बोअरवाला, सगळ्यांना दारात आधी सरच हवे असतात. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद माझ्या नावे आहे आणि पेन्शन माझ्या खात्यात येते, तरी विहिरीत डोकावायला परवानगी पुण्याहून घ्यायची. उद्या मी विहिरीत पडले तरी आधी सरांना फोन लावतील, काढायचं का म्हणून. नाना हे ऐकून हसले आणि कप रिकामा झाल्याचं दाखवून म्हणाले, "चहा टाका वहिनी, बिचारा गारठलाय." बिचारा म्हणजे वायरमन.

टाकला चहा. गीझर अजून गार पाण्याची वाट बघत होता आणि मी दोघांना आलं किसून चहा देत होते.

बिलात कंडेन्सर होता. "जुना चांगला होता ना?" मी विचारलं. "तसा चांगलाच होता बाई, पण आता नवीन बसलाय तर राहू द्या," म्हणाला. जुना त्याने पिशवीत टाकला होता, तो मी मागून घेतला. पैसे माझ्या फोनवरून गेले. त्यावर नाव माझंच दिसलं असणार, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने वही काढून सरांचं नाव लिहिलं आणि पेन रोखून म्हणाला, "बाई, सरांचा नंबर देऊन ठेवा. पुढच्या वेळी डायरेक्ट त्यांनाच विचारतो, तुम्हाला त्रास नको."

मी माझा नंबर दिला.