चरखा नाशिकला रुजलाच नाही म्हणे!

ऑगस्ट जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो. थोडक्यात असा: नाशिकने देशाला पिस्तूल दिलं, चरखा इथे रुजलाच नाही. समुद्र नाही, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाशी संबंध नाही. उलट काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणूनचा सत्याग्रह मुद्दाम त्याच वेळी काढून त्यात मोडता घातला. गांधींची माणसं नाशिकने पाहिली ती फक्त तुरुंगात.

पिस्तुलाबद्दल वाद नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पण मजकुराचं कॅलेंडर तिथेच अडकलंय. मे १९१७ मध्ये स्वराज्य मागणाऱ्या टिळकांच्या होमरूल लीगचा पहिला वर्धापनदिन नाशिकलाच झाला, खुद्द टिळक बोलले. ते कुठल्या पिस्तुलात मोडतं?

समुद्र नाही, हे खरंच. पावसाळा लागला की किनाऱ्यावरही मीठ पिकत नाही. म्हणूनच १९३० च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात कायदेभंग डोंगराकडे वळला. राखीव जंगलात शिरायचं, परवान्याशिवाय गवत कापायचं, अटक करून घ्यायची. चराईची फी भरता भरता मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्याला मिठाच्या कायद्यापेक्षा हा कायदा जास्त टोचत होता. आपल्या जिल्ह्यात या जंगल सत्याग्रहाचं ठिकाण बागलाण. कळवणच्या चणकापूरचं नावही त्याच वर्षी येतं. मजकूर लिहिणारा नाशिक शहरातल्या रविवार कारंजापाशी थांबला, बागलाणातल्या सटाण्याची एसटी त्याने पकडलीच नाही.

काळारामाचा मुद्दा मात्र मला सगळ्यात खटकतो. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले १२ मार्चला. व्हाइसरॉयला त्यांनी इशाऱ्याचं पत्र लिहिलं तेही २ मार्चलाच. जी यात्रा अजून निघालीच नाही, तिच्यात मोडता कसा घालणार? तो लढा इंग्रजांविरुद्ध नव्हता, हे कबूल. दार आपल्याच माणसांनी लावून घेतलं होतं. पण बंद दारापुढे पोलीस उभे होते ते इंग्रज सरकारचेच. पुढे काही वर्षं माणसं तिथे येत राहिली, मार खात राहिली, दगडाला दगडाने उत्तर न देता. अहिंसा नाशिकला झेपली नाही म्हणणाऱ्याने आधी मंदिराच्या पूर्व दरवाजाकडे बघावं.

तुरुंगाचं निम्मं मान्य. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्या काँग्रेस समाजवादी पक्षाचं बीजही तिथलंच. यातलं कुणी नाशिकचं नव्हे, त्यांना आपल्या खात्यावर मी मांडणार नाही. खोटा आहे तो ‘फक्त’.

गंमत म्हणजे, गांधीविरोधात वापरता आलं असतं ते प्रकरण मजकुरात नाहीच: मालेगाव. एप्रिल १९२१ मध्ये खिलाफत-असहकाराच्या धामधुमीत तिथे जमावाने पोलीस फौजदाराला ठार मारलं. १९२२ मध्ये येरवड्यात फाशी झाल्या. गांधींनी स्वतः या हिंसेचा निषेध केला. हे लपवायचं कारण नाही. पण असहकार या जिल्ह्यात पोचलाच नव्हता, तर मालेगावात तेव्हा ठिणगी कशाची पडली?