आर्थर स्मिथ चारही कसोट्या हरला? खेळलाच तीन

रग्बीप्रेमींमध्ये एक मजकूर फिरतोय: 'स्कॉटलंडचा आर्थर स्मिथ एका ट्रायच्या पुण्याईवर सात वर्षं खेळला. १९६२ मध्ये लायन्सचा कप्तान झाला आणि चारही कसोट्या हरला. जमानाच हौशी होता, गणितातला डॉक्टरही विंगर व्हायचा!'

(ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं; विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू; लायन्स म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ.) तो ट्राय ५ फेब्रुवारी १९५५ चा, मरेफील्डवर वेल्सविरुद्ध, पदार्पणातच. त्याआधी स्कॉटलंड सलग १७ सामने हरला होता, त्यात दक्षिण आफ्रिकेकडून ४४-० असा सपाटून मार. त्या दिवशी स्कॉटलंड १४-८ ने जिंकला. पण तेव्हा ट्रायला गुण मिळायचे ३. उरलेले ११ बाकीच्यांचे. त्यामुळे स्मिथने एकट्याने संघ तारला, हे त्याच्या चाहत्यांचं पालुपदही मला पटत नाही.

बरं, पुण्याई किती दिवस पुरते? स्मिथ १९६२ पर्यंत सलग ३३ सामने खेळला आणि १२ ट्राय केले. आकडा आज किरकोळ वाटेल. पण त्या काळी मैदानात कुठूनही चेंडू लाथेने थेट बाहेर मारता यायचा, म्हणून खेळ लाइनआउटमध्येच (बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या रांगांमध्ये आत फेकून खेळ पुन्हा सुरू करणं) अडकायचा. स्मिथ निवृत्त झाल्यावर लगेच, १९६३ च्या स्कॉटलंड-वेल्स सामन्यात १११ लाइनआउट झाले! त्यात चेंडू आत फेकायचं काम बहुधा विंगरचंच. पळायला चेंडू हातात कधी येणार?

डॉक्टरेट खरी, केंब्रिजची. पण हाच गडी १९५३ मध्ये लांब उडीचा स्कॉटिश विजेताही होता, ते मजकुरात नाही.

आता १९६२ च्या लायन्सच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातल्या 'चार पराभवां'बद्दल. जोहान्सबर्गची पहिली कसोटी ३-३ अशी बरोबरीत सुटली. डर्बनची दुसरी ०-३ ने गेली, फक्त एका पेनल्टीवर. शेवटी कीथ रोलंड्सने रेषेपलीकडे टेकवलेला चेंडू पंचांनी मानला नाही, त्यावर वाद आजही आहे. केप टाउनला ३-८. ब्लूमफाँटेनला १४-३४ अशी धूळधाण उडाली हे खरं, पण त्या दिवशी दुखापतीमुळे स्मिथ मैदानात नव्हताच; कप्तान होता डिकी जीप्स. म्हणजे स्मिथच्या नावावर दोन पराभव, एक बरोबरी. मालिका गेली, ते कोण नाकारतंय?

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्याच कप्तानीखाली स्कॉटलंडने वेल्सला कार्डिफमध्ये ८-३ ने हरवलं. तिथला आधीचा विजय १९२७ चा. मजकूर लिहिणाऱ्याचं १९६२ साल बहुतेक जूनमध्ये सुरू झालं असावं.