कचरा, माश्या आणि जंतूंची वकिली

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला तिघांनी पाठवला. त्यातले दोघे चांगले शिकलेसवरलेले आणि तिसरा माझाच जुना विद्यार्थी, म्हणून शेवटी लिहायला बसलो. संदेशाचा गोषवारा असा: जंतूंमुळे रोग होतो ही थाप आहे. शरीरात घाण साचते, पेशी मरायला लागतात, तेव्हा जंतू तिथे साफसफाईला येतात. कचऱ्यावर माश्या बसतात म्हणून माश्यांनीच कचरा केला, असं कुणी म्हणतं का? खुद्द लुई पाश्चरने मरताना हे कबूल केलं. एका जर्मन प्राध्यापकाने कॉलऱ्याचे जंतू पिऊन दाखवले, त्याला काही झालं नाही. जंतू तर निरोगी माणसांतही असतात. क्षयाचे मृत्यू औषधं येण्याआधीच घटले होते. तेव्हा जंतूंच्या मागे लागू नका, शरीर शुद्ध करा.

यातली दोन-तीन वाक्यं खरी आहेत. म्हणूनच तर हा संदेश गळी उतरतो. एकेक घेऊ.

"पाश्चरने मरताना कबूल केलं"

ते वाक्य साधारण असं सांगितलं जातं: बर्नारचं बरोबर होतं, जंतू काहीच नाही, जमीन (म्हणजे शरीराची अवस्था) हीच सर्व काही. क्लोद बर्नार हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ 1878 साली वारला, पाश्चर 1895 साली. पाश्चर असं काही बोलला याला त्या काळातला विश्वासार्ह पुरावा नाही. पण समजा, बोलला. मग काय? विज्ञान म्हणजे मृत्युपत्र नव्हे, की शेवटचा कागद निघाला आणि आधीचे सगळे रद्द झाले.

गंमत अशी की 'जमिनी'चं महत्त्व सांगायला पाश्चरला मरणाची वाट पाहावी लागली नव्हती. बर्नार गेला त्याच वर्षी त्याने कोंबड्यांवर एक प्रयोग करून दाखवला होता. अँथ्रॅक्स हा गुराढोरांचा जीवघेणा जंतुरोग कोंबडीला सहसा होत नाही. तिच्या शरीराचं तापमान 42 अंशांच्या आसपास असतं आणि त्या उष्णतेत हे जंतू नीट वाढत नाहीत. पाश्चरने एका कोंबडीला जंतू टोचले आणि तिचे पाय व खालचं अंग गार पाण्यात ठेवलं. ती मेली. दुसरीला तसंच पाण्यात ठेवलं, पण जंतू टोचले नाहीत. ती जगली. तिसरीला जंतू टोचले, पण पाण्यात ठेवलं नाही. तीही जगली. आणखी एकीला जंतू टोचून गार केलं, आजारी पडू लागल्यावर पाण्यातून काढून ऊब दिली. ती बरी झाली.

आता यात जिंकलं कोण, जंतू की जमीन? दुसरी कोंबडी नीट पाहा. तिची जमीन पुरती बिघडवली होती, तरी तिला अँथ्रॅक्स झाला नाही, कारण बीच पेरलं नव्हतं. संदेशात ही कोंबडी कुठेच नाही.

"जंतू सफाईला येतात, माश्यांसारखे"

हा या संदेशाचा कणा आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो. कावळा बसला आणि फांदी तुटली, तर दोष कावळ्याचा कशावरून, हा प्रश्न रास्तच आहे. रोग्याच्या शरीरात जंतू सापडले एवढ्यावरून ते कारण ठरत नाहीत. पण हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच विचारला गेला आणि त्याची उत्तरंही तेव्हापासून मिळत आली आहेत.

घटसर्प (डिप्थीरिया) घ्या. या रोगात जंतू घशात असतात, सहसा तिथून पुढे जातच नाहीत. तरी काही रुग्णांचं हृदय एक-दोन आठवड्यांनी दगा देतं, काहींना लकवा होतो. माशी घशात आणि कचरा हृदयात, ही कसली साफसफाई? 1888 मध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी घटसर्पाचे जंतू रश्श्यात वाढवले, तो रस्सा चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला आणि जंतूविरहित पाणी गिनीपिगांना टोचलं. जनावरं तसाच रोग होऊन मेली. जंतू वरच राहिले होते, गाळणीतून उतरलं होतं ते त्यांनी तयार केलेलं विष. पेशीत शिरल्यावर ते प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं. म्हणजे या रोगात घशात धरणारा करडा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो हे खरं, पण त्या पेशी आधी मेल्या आणि मग जंतू आले असं घडलेलं नाही.

याहून विलक्षण गोष्ट 1951 साली समजली. हे विष बनवण्याची कृती घटसर्पाच्या जंतूची स्वतःची नसतेच. जंतूला लागण करणारा एक विषाणू ती सोबत घेऊन येतो. तो विषाणू अंगी भिनलेला जंतू विष बनवतो. त्याच जातीचा, पण हा विषाणू नसलेला जंतू त्याच घशात राहून असा घटसर्प करू शकत नाही. जमीन तीच, घाण असलीच तर तीही तीच, फरक एका जनुकाचा.

कॉलऱ्याची गोष्ट मला याहून आवडते. फार काळ डॉक्टरांचीही समजूत होती की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं. मृत शरीरात तसं दिसायचं, पण तो मरणानंतरचा बदल होता. 1960 च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून पाहिले, तर अस्तर शाबूत! तासाला लीटरभर पाणी शरीरातून चाललंय आणि पेशी जागच्या जागी, धडधाकट. साफ करायला तिथे मेलेलं काही नव्हतंच. त्याआधी 1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा दोन्हीकडून बांधलेला तुकडा घेऊन त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं गाळलेलं, जंतूविरहित पाणी सोडलं होतं, आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. कॉलऱ्याचं विष पेशीला मारत नाही, तिच्या आतली एक कळ चालू अवस्थेत अडकवून ठेवतं. पेशी आतड्यात क्षार ओतत राहते आणि क्षारामागून पाणी जातं.

जलसंजीवनी काम करते ती याच कारणाने. साखर आणि मीठ एकत्र आत ओढून घेणारा पेशीचा दुसरा दरवाजा या विषाने बंद होत नाही. अस्तर मेलेलं असतं, तर ते पाणी शोषलं कुणी असतं?

सगळेच जंतू असं विष सोडत नाहीत. क्षयाचा जंतू तर त्याला खायला आलेल्या महाभक्षी पेशीच्या पोटातच मुक्काम ठोकतो आणि तिथली पचनाची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. न्यूमोनियाचा जंतू अंगावर साखरेचं बुळबुळीत आवरण घेतो, त्यामुळे पांढऱ्या पेशींच्या तो हाती लागत नाही. आवरण नसलेला त्याचा भाऊबंद उंदराला टोचला तर उंदीर सहज तगतो. काही जंतू सुईसारख्या अवयवाने स्वतःची प्रथिनं थेट आपल्या पेशीत टोचतात, आणि पेशी स्वतःहून त्यांना आत घेते.

'हे सगळं योगायोगाने जुळलेलं' अशी शंका असेल, तर तिची तपासणी कशी करायची हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी 1988 मध्ये नेमकं मांडलं. ज्या जनुकावर संशय आहे ते जंतूतून काढा. रोग करण्याची ताकद घटली पाहिजे. ते परत घाला. ताकद परत आली पाहिजे. कावळा बसवला की फांदी मोडते, उठवला की मोडत नाही, आणि हे हवं तितक्या वेळा करून बघता येतं. मग दोष कावळ्याचाच.

विरुद्ध बाजूला उपयोगी पडेल असा एक मुद्दा मीच देतो. पुष्कळ रोगांत नासधूस जंतूंपेक्षा आपल्याच प्रतिकारयंत्रणेकडून जास्त होते. क्षयात फुप्फुसाला पडणारी पोकळी बरीचशी आपल्याच पेशींनी पाडलेली असते. पण घरात चोर शिरला म्हणून झालेल्या झटापटीत कपाट मोडलं, तर चोर आलाच नव्हता असं होत नाही.

"जंतू तर निरोगी माणसांतही असतात"

असतात, आणि हे सर्वांत आधी मान्य करणाऱ्यांत जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख स्वतः होता. रोगजंतू फक्त रोग्यातच सापडावा, या अपेक्षेला कॉलऱ्याच्या निरोगी वाहकांमुळे मुरड घालावी लागली. पण 'निरोगी माणसात जंतू आहे' यावरून 'जंतू निरुपद्रवी आहे' हे कसं निघतं? न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती, 1907 मध्ये सापडली. ती स्वतः ठणठणीत. ती जिथे जिथे कामाला राहिली, त्यांतल्या बहुतेक घरांत मात्र विषमज्वराचे रुग्ण निघाले. आता त्या घरांतल्या माणसांच्या शरीरात, नेमकी ती कामाला आल्यावरच घाण साचली होती का?

आणि 'जंतू' ही एकच जात असल्यासारखं बोलणं हीसुद्धा लबाडीच. आपल्या अंगात आपल्या पेशींच्या तोडीस तोड संख्येने जिवाणू राहतात, बहुतेक निमूटपणे. आतड्यातला ई. कोलाय आपला जन्माचा सोबती. त्याच जातीचा ओ157 हा प्रकार वेगळी विषं बाळगतो, आणि त्याने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आडनाव एक म्हणून स्वभाव एक नसतो.

"प्राध्यापकाने कॉलऱ्याचे जंतू प्यायले, काही झालं नाही"

प्यायले हे खरं. माक्स फॉन पेटेनकोफर, वय 73, ऑक्टोबर 1892. पोटातल्या आम्लाने जंतू मेले असा आक्षेप कुणी घेऊ नये म्हणून आधी सोडाही घेतला. माणूस प्रामाणिक होता, एवढं कबूल करायलाच हवं. पण 'काही झालं नाही' हे खोटं आहे. त्याला काही दिवस जुलाब झाले आणि शौचात तेच जंतू सापडले. काही दिवसांनी त्याचा सहकारी रुडॉल्फ एमेरिख यानेही तोच प्रयोग केला, त्याचे हाल याहून जास्त झाले. दोघे वाचले खरे, पण संदेशात दोघांपैकी एकच उरला, तोही जुलाबाशिवाय.

कॉलऱ्याची लागण झालेल्या बहुतेकांना सौम्य त्रास होतो किंवा काहीच होत नाही. तेव्हा एक-दोन माणसं वाचल्याने सिद्ध काहीच होत नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये जे घडलं त्याने मात्र बरंच काही सिद्ध झालं. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता घरोघर पोचवायचं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे जास्तच घाण पाणी उचलायचं; पण वाळूतून गाळून. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसं मेली. आल्टोना जवळपास बचावलं. दोन्ही गावं एकमेकांना इतकी चिकटलेली की हद्द रस्त्यावरून जायची: एका अंगाच्या घरांत कॉलरा, समोरच्या अंगाला नाही. माती तीच, हवा तीच, माणसंही त्याच परिस्थितीतली. पेटेनकोफरचा भर होता मातीवर. रस्त्याच्या दोन बाजूंना फरक होता तो नळाचा.

"क्षयाचे मृत्यू औषधांआधीच घटले"

हेही खरं. इंग्लंडमध्ये ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घटत होते, क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1940 च्या दशकातलं. पण कमी दाटीची घरं, मोकळी हवा, पोटभर अन्न यांनी जंतू पसरायची वाट आणि शरीराची ताकद दोन्ही बदलतात. यात जंतूसिद्धांताला धक्का कुठे बसतो? ज्यांच्या अंगात क्षयाचा जंतू शिरतो त्यांतल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो, हे क्षयतज्ज्ञच सांगतात. 2023 मध्ये झारखंडातल्या एका अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना चांगला आहार दिला, तर नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी घटलं. जमिनीचं महत्त्व यापेक्षा ठळक काय दाखवणार?

पण रोग जडल्यावर केवळ जमीन पुरते का, याचीही परीक्षा झालेली आहे. थुंकीत जंतू दिसणाऱ्या क्षयरुग्णांपैकी, औषधं नव्हती त्या काळात, सुमारे 70 टक्के दहा वर्षांत मरत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये गरीब क्षयरुग्णांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात: विश्रांती, हवा, चांगलं अन्न. दुसरा आपल्याच दाटीच्या घरात, आहार निकृष्ट. औषधं दोघांना तीच. वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे निघाले. 'शरीर शुद्ध करा' म्हणणाऱ्यांना हवी तशी जमीन एकाच गटाला मिळाली होती, तरी.

"म्हणून जंतूंच्या मागे लागू नका"

माझ्या विद्यार्थ्याने संदेशाखाली विचारलं होतं, 'सर, थोडे दिवस वाट पाहून मग औषध घेतलं तर बिघडतं कुठे?' सगळ्या रोगांना एकच उत्तर नाही. साध्या सर्दीत वाट पाहणंच बरं, आणि तिथे प्रतिजैविकं मागणाऱ्यांवर मी वेगळा चिडतो. पण घटसर्पाचं विष एकदा पेशीत शिरलं की प्रतिविषाला ते गाठता येत नाही. रक्तात मोकळं फिरणारं विषच तेवढं ते पकडतं. म्हणून घशातला तो पापुद्रा पाहून संशय आला, की डॉक्टर प्रयोगशाळेच्या अहवालासाठीही थांबत नाहीत. प्रतिविष त्याच दिवशी देतात.